बागेला कुंपण घालण्याआधी हद्द कशी तपासावी

हद्दीच्या भांडणात टेप क्वचितच चुकते. चुकते ती टेपचं टोक जिथे धरलं ती जागा. शेजारची कंपाउंड वॉल, रस्त्याच्या गटाराची कड, आधीच्या मालकाने ठोकलेला अँगल, यातलं काहीतरी पकडून लोक मोजायला लागतात. यातलं बहुतेक काही मूळ नकाशात नसतंच. रस्ते रुंद होतात, फुटपाथ उखडून पुन्हा बसतात, गटार दोन फूट इकडचं तिकडे होतं. म्हणून 'रस्त्यापासून साठ फूट आत' हा हिशेब कुणी सांगितला, तर तो रस्ता कधीचा हे आधी विचारावं.

आधी कागद कुठला ते ठरवा

ठाण्यात आणि नवी मुंबईत जमिनीचं दफ्तर एकाच प्रकारचं नाही. चुकीचा कागद हातात घेऊन कितीही काटेकोर मोजलं तरी उपयोग नाही.

जुन्या ठाणे शहरात, नौपाड्यासारख्या भागात, नगर भूमापन झालेलं आहे. तिथे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते आणि तिच्यावर टिका नंबर (टिका म्हणजे नगर भूमापनात शहराचा पाडलेला एक भाग) व सिटी सर्व्हे नंबर असे दोन आकडे असतात. नकाशा मागताना दोन्ही द्यावे लागतात, कारण एकच सिटी सर्व्हे नंबर वेगवेगळ्या टिकांमध्ये सापडू शकतो. घोडबंदर रोडच्या बाजूला ओवळा, कावेसर, कोलशेत किंवा वर येऊर अशा ठिकाणी बंगल्याची जमीन अजून सातबारावर असू शकते. तिथे सर्व्हे नंबर किंवा गट नंबर आणि हिस्सा नंबर लागतो.

नवी मुंबईच्या नोडमधल्या, म्हणजे आखून वसवलेल्या उपनगरांमधल्या, प्लॉटची गोष्ट वेगळी आहे. ती जमीन ९५ गावांतून घेऊन सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, नव्याने सेक्टर पाडले. वाशी, नेरुळ, सानपाड्याच्या सेक्टरमधल्या प्लॉटची हद्द जुन्या सर्व्हे नंबरच्या नकाशावर शोधू नका. तुमचा नकाशा लीज डीडला जोडलेला असतो. प्लॉटच्या बाजूंची मापं, क्षेत्र आणि चतुःसीमा त्यात लिहिलेली असतात. प्लॉट साडेबारा टक्के योजनेतला (जमीन गेलेल्या गावकऱ्यांना दिलेल्यांपैकी) असेल आणि हस्तांतरणाने आला असेल, तर सिडको, विकणारा आणि घेणारा यांच्यातल्या त्रिपक्षीय करारनाम्याबरोबर मूळ वाटपाचा नकाशाही मागून घ्या. करारनाम्यात बरेचदा फक्त क्षेत्र असतं, बाजूंची मापं नसतात. घरात नकाशा नसेल तर बेलापूरला सिडकोच्या वसाहत विभागात प्रतीसाठी अर्ज करता येतो.

सिडकोच्या रो हाऊसमध्ये आणखी एक गोष्ट बघायची: पुढची-मागची बागेची जागा तुमच्या नावावर आहे, की सोसायटीची असून तुम्हाला फक्त वापरायला दिली आहे? जागा सामाईक असेल तर हद्द तपासण्याच्याही आधी सोसायटीचं किंवा ओनर्स असोसिएशनचं लेखी ना-हरकत पत्र लागतं. बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटसमोरची बाग तर जवळजवळ नेहमीच सामाईक असते, विकताना बिल्डरने काहीही सांगितलेलं असो.

गावठाणात सर्वांत जास्त घोळ. अनेक घरांना स्वतंत्र नकाशा नाही, हद्द वहिवाटीने चालत आलेली. घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे, हद्दीचा नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती हाच पहिला कागद समजून चाला.

मोजणीचं, म्हणजे भूमी अभिलेख खात्याचं, ऑफिसही तालुक्यावर ठरतं. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची गावं ठाणे तालुक्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे ही पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्ता 'नवी मुंबई' असला तरी खारघरचा अर्ज ठाण्यात चालणार नाही.

सातबारा काय सांगतो, काय नाही

सातबारा मालक, क्षेत्र आणि बोजे सांगतो. हद्दीची एकही रेषा त्यावर नसते. सातबारा दाखवून 'माझी जमीन इथपर्यंत' म्हणणाऱ्याचं म्हणणं कदाचित खरं असेलही, पण तो कागद ते सिद्ध करत नाही. रेषा असते ती गाव नकाशात, फाळणी नकाशात (सर्व्हे नंबरचे हिस्से दाखवणारा), टिपणात (मूळ मोजणीच्या मापांचा कच्चा नकाशा) आणि पूर्वी मोजणी झाली असेल तर तिच्या 'क' प्रतीत, म्हणजे अर्जदाराला मिळणाऱ्या मोजणी नकाशात. 'क' प्रत मिळाली तर अर्धं काम झालं.

सातबारावर नावं सामाईक आहेत का ते मात्र नक्की बघा. चार भावांचा एकच हिस्सा असेल, किंवा एखाद्या गटातला गुंठा-दीड गुंठ्याचा तुकडा घेतलेला असेल, तर भूमी अभिलेख खातं अख्ख्या गटाची बाहेरची हद्द दाखवेल. आतली तुमची रेषा दाखवू शकणार नाही, कारण ती दफ्तरात अस्तित्वातच नाही. अशा वेळी आधी पोटहिस्सा, म्हणजे दफ्तरात तुमचा भाग वेगळा पाडून घेणं. तोवर आतल्या बाजूला पक्कं बांधकाम करू नये.

एककांचा गोंधळ इथेच होतो. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, बोलणं गुंठ्यांत. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही एकच धरले तर ५ गुंठ्यांमागे जवळपास ६ चौरस मीटरचा फरक पडतो. १८ मीटर लांबीच्या बाजूवर पसरला तर तो ३३ सेंटिमीटरचा पट्टा होतो. भांडायला तेवढा पुरतो.

जुनं टिपण हाताशी आलं तर मापं साखळी-आण्यांत असतील. शंकुसाखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. '३ साखळ्या ४ आणे' म्हणजे सव्वातीन साखळ्या: १०७.२५ फूट, ३२.६९ मीटर. हेच कुणी ३.४ असं वाचलं की ११२.२ फूट होतात, म्हणजे दीड मीटर जास्त.

नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका

महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावर आपला गट शोधणं सोपं आहे, शेजारी कोण आणि आकार साधारण कसा हे कळायला ते उत्तम. त्यावरून कुंपण मात्र आखू नये. कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेषा १:५०० प्रमाणाच्या नकाशात जमिनीवर २५ सेंटिमीटर असते, १:१००० मध्ये ५० सेंटिमीटर आणि १:५००० च्या नकाशात अडीच मीटर. मोबाइलवर उपग्रहाच्या चित्रावर ती रेषा टाकून 'शेजाऱ्याने अतिक्रमण केलंय' असं ठरवणारे बरेच भेटतात. त्या चित्राला आणि त्या रेषेला दोघांनाही स्वतःची सरक असते.

झेरॉक्सवरून तर कधीच मापं काढू नका. प्रत काढताना कागद लहान-मोठा होतो. नकाशावर लिहिलेले आकडे घ्या. आकडे नसतील आणि प्रमाणपट्टी छापलेली असेल, तर आधी तीच मोजून प्रत खरी आहे का ते तपासा.

घरच्या घरी पहिली चाचणी

मोजणीला अर्ज करण्याआधी स्वतः एकदा मोजून बघावं. हद्द त्याने ठरत नाही, पण वाद आहे की नाही ते कळतं. ३० मीटरची स्टीलची टेप, लाइनदोरी, ओळंबा, लोखंडी खुंट्या, चुना आणि टेप ताणायला दोन माणसं पुरतात. फायबरची टेप ताणली की लांबते, ती इथे नको.

सुरुवात नकाशावर असलेल्या बिंदूपासून करा. हद्दीचा दगड, प्लॉटच्या कोपऱ्यावर आखणीच्या वेळी रोवलेला खांब, मूळ ले-आउटमधल्या शेजारच्या प्लॉटचा न हललेला कोपरा. असा दगड बरेचदा झाडोऱ्यात किंवा भरावाखाली असतो, पहारीने हलकेच चाचपा. दगड उपटून साफ करून 'पुन्हा तसाच' ठेवायचा मोह टाळा. हद्दीची खूण मुद्दाम हलवणं हा जमीन महसूल संहितेनुसार दंडाचा विषय आहे. किमान दोन खात्रीचे बिंदू मिळाले आणि त्यांच्यातलं अंतर नकाशाशी जुळलं, तरच पुढे जा. एकाच बिंदूवरून दिशा ठरत नाही.

चारही बाजू मोजल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ही पायरी लोक सोडतात. समजा प्लॉट १२ बाय १८ मीटरचा आहे. कर्ण २१.६३ मीटर यायला हवेत आणि दोन्ही सारखे यायला हवेत. दोघांत २० सेंटिमीटरचा फरक आला, तर १२ मीटरची बाजू काटकोनातून साधारण १२ सेंटिमीटर तिरकी गेली आहे. गंमत म्हणजे अशा प्लॉटचं क्षेत्र तरीही २१६ चौरस मीटरच भरतं. क्षेत्र जुळलं म्हणजे हद्द जुळली, हा समज इथेच फसतो.

प्लॉट चौकोनी नसेल तर एक कर्ण धरून दोन त्रिकोण करा आणि प्रत्येकाच्या तिन्ही बाजू टिपा. उतारावर, म्हणजे येऊरला किंवा बेलापूरच्या पारसिक टेकडीच्या बाजूला, टेप जमिनीवर टेकवून मोजू नका. नकाशातलं अंतर आडवं असतं. १० अंशांच्या उतारावर जमिनीलगत मोजलेले २० मीटर प्रत्यक्षात १९.७० मीटर भरतात. टेप आडवी धरा, टोकाला ओळंबा सोडा, आणि चार-पाच मीटरच्या टप्प्यांत उतरत या.

फरक १०-१५ सेंटिमीटरच्या आत असेल आणि शेजाऱ्याची हरकत नसेल, तर सरकारी मोजणीशिवाय कुंपण आत घेऊन प्रश्न मिटवता येतो. त्याहून जास्त असेल तर पुढची पायरी घ्या.

हद्द कायम मोजणी

अर्ज ई-मोजणी पोर्टलवरून होतो. प्रकार निवडताना 'हद्द कायम' निवडा, म्हणजे दफ्तरातली हद्द जागेवर खुणांनी दाखवली जाते. चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, क्षेत्र, आणि सगळ्या लगतधारकांची, म्हणजे हद्दीला लागून असलेल्या मालकांची, नावं-पत्ते लागतात. फी क्षेत्रावर आणि जमीन महापालिकेच्या हद्दीत आहे की बाहेर यावर ठरते. नियमित आणि द्रुतगती असे दोन दर आहेत, द्रुतगतीचा बराच चढा.

मोजणी अडते ती बहुतेक वेळा लगतधारकांच्या पत्त्यांवर. शेजारचा मालक वारलेला, वारस परगावी, सातबारावर अजून आजोबांचं नाव. नोटीस पोचली नाही तर मोजणीवर नंतर हरकत येते. म्हणून पत्ते अर्ज करण्याआधीच गोळा करा आणि शेजारच्या काका-काकूंना तारीख तोंडीही सांगा.

मोजणीच्या दिवशी मजूर, चुना, खुंट्या आणि रोवायचे दगड तुम्ही आणायचे. कोपऱ्यांपासची झाडी आदल्या दिवशी छाटून ठेवा. भूकरमापक (सरकारी मोजणीदार) रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवर मोजणारं यंत्र, घेऊन आला तर त्या यंत्राला मोकळं आकाश लागतं. दाट झाडीखाली रोव्हर सिग्नल नीट पकडत नाही आणि मग टोटल स्टेशनने (तिवईवरच्या दुर्बिणीच्या यंत्राने) मोजावं लागतं, ज्याला कोपरा ते कोपरा नजर लागते. तारीख शक्यतो नोव्हेंबर ते मे मध्ये घ्या. पावसाळ्यात गवत कमरेएवढं असतं.

खूण दाखवली की लगेच दगड रोवा, कारण चुना एका पावसात जातो. प्रत्येक कोपऱ्यापासून न हलणाऱ्या दोन वस्तूंपर्यंतचं अंतर लिहून ठेवा, उदाहरणार्थ घराच्या जोत्याचा कोपरा आणि विहिरीची कड. उद्या दगड गेला तरी या दोन मापांवरून जागा परत सापडते. टेप जोत्यावर धरलेली दिसेल असे फोटो काढा.

'क' प्रत आली की तिच्यावरची सूची वाचा. हद्दीची रेषा आणि प्रत्यक्ष वहिवाटीची रेषा वेगवेगळ्या चिन्हांनी दाखवलेल्या असतात. ज्या ठिकाणी त्या एकमेकींपासून सुटतात, तिथेच अतिक्रमण, तुमचं किंवा त्यांचं. ते काढून देणं भूकरमापकाचं काम नाही, तो फक्त रेषा दाखवतो. मोजणी पटली नाही तर निमताना, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेर, मोजणी मागता येते, त्यानंतर सुपर निमताना. शेजारी कोर्टात गेला तर कोर्ट कमिशनरमार्फत मोजणी होते, आणि खाजगी सर्व्हेअरचा नकाशा तिच्यासमोर टिकणं कठीण असतं. खाजगी सर्व्हेअर निरुपयोगी असतो असं नाही. सिडकोच्या प्लॉटवर, जिथे मापं स्पष्ट लिहिलेली आहेत, तिथे तो अर्ध्या दिवसात कोपरे काढून देतो. वाद नसेल तर तेवढं पुरे.

शेजारी आधीच आत आलेला असेल तर

घाईने त्याचं कुंपण तोडू नका. मुदतीच्या कायद्यानुसार, १९६३, खाजगी जमिनीवरचा ताबा परत मागायला साधारण १२ वर्षांची मुदत आहे, आणि ती कधी सुरू झाली यावर सगळं अवलंबून असतं. जुनं कुंपण किती वर्षांपूर्वीचं हे दाखवणारे फोटो, वीजबिलं, जुनी 'क' प्रत गोळा करून वकिलाकडे जा.

उलट बाजूही लक्षात असू द्या. तुम्ही सोयीसाठी कुंपण हद्दीच्या फूटभर आत घातलंत आणि बाहेरचा पट्टा वर्षानुवर्षं शेजाऱ्याच्या बागेत राहिला, तर पुढे तोच त्याचा पुरावा होतो. म्हणून आत घेताना दोघांच्या सहीचं संमतीपत्र करा: हद्द 'क' प्रतीप्रमाणे, कुंपण इतकं आत, बाहेरच्या पट्ट्यावर शेजाऱ्याचा हक्क नाही. ५०० रुपयांचा मुद्रांक, दोन साक्षीदार आणि सोबत नकाशाची प्रत. अशा कागदाने जमिनीची मालकी बदलत नाही; तसं काही करायचं असेल तर नोंदणीच लागते.

येण्याजाण्याची वाट, शेजाऱ्याच्या वळचणीची पागोळी, खिडकीचा उजेड हेही तपासा. २० वर्षं अखंड वापरातली वाट किंवा उजेड सुविधाधिकार कायद्यात, १८८२, हक्क होऊ शकतो. हद्द तुमची असली तरी ती वाट कुंपणाने बंद करता येत नाही.

रस्त्याची, खाडीची आणि जंगलाची बाजू

समोरच्या बाजूसाठी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. विकास आराखड्यातल्या रस्त्याची रेषा प्लॉटमधून जात असेल, तर त्यापुढे पक्की भिंत बांधणं म्हणजे पैसे पाण्यात. खाडीकडच्या प्लॉटवर कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा सोडा. येऊरला वनहद्दीचे खांब आधी शोधा. सातबाराच्या इतर अधिकारात वनाचा उल्लेख असेल तर वन विभागाला विचारल्याशिवाय खड्डाही खणू नका.

एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार कंपाउंड वॉलची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटरपर्यंत, वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. कोपऱ्याच्या प्लॉटला चौकाच्या बाजूने १० मीटर लांबीत भरीव भाग ०.७५ मीटरच ठेवायचा, वळणारी गाडी दिसावी म्हणून.

खांब रेषेवर नको, आत हवा

खड्डा ३० सेंटिमीटर रुंद आणि खांब मधोमध, तर काँक्रीट दोन्हीकडे १५ सेंटिमीटर जातं. खांबाचा मध्य हद्दीवर धरला की तेवढं काँक्रीट शेजाऱ्याच्या जमिनीत. जाळीच्या कुंपणाची मध्यरेषा २० सेंटिमीटर आत घ्या. ९ इंची भिंतीचा पाया ७५ सेंटिमीटर असेल तर भिंतीचा बाहेरचा चेहरा किमान २६ सेंटिमीटर आत येतो. बांधकामाचा मिस्त्री हे विचारत नाही, तो दोरी दिसेल तिथून धरतो. म्हणून हद्दीची आणि खांबांची अशा दोन दोऱ्या वेगळ्या रंगाच्या बांधा.

वरच्या १२ बाय १८ च्या प्लॉटला तीन बाजूंनी, म्हणजे ४८ मीटर, चेन लिंक जाळी लावायची झाली तर खांबांत २.४ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. १८ च्या बाजूला ८ गाळे (दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे एक गाळा), १२ च्या बाजूला ५, एकूण २१ गाळे आणि २२ खांब. कोपऱ्याच्या आणि टोकाच्या खांबांना तिरपा टेकू हवाच, नाहीतर तार ताणताना तेच आधी वाकतात. १ फूट बाय १ फूट बाय २ फूट खड्ड्यांना १:२:४ चं सव्वा घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागतं: ८ गोणी सिमेंट, पाव ब्रास रेती (ब्रास म्हणजे १०० घनफूट), अर्धा ब्रास खडी. नवी मुंबईत भरावाच्या जमिनीत दोन फूट पुरत नाहीत. पहिल्याच पावसात भराव बसतो आणि खांब झुकतात. तिथे ३ फूट जा आणि त्या हिशेबाने सिमेंट वाढवा.

खणण्याआधी वीजकेबल, महानगर गॅसची पाइपलाइन, पाण्याची लाइन आणि ड्रेनेजचे चेंबर कुठून जातात ते विचारून चुन्याने आखा. गेटजवळचे पहिले दोन खड्डे पहारीने, हातानेच. रेषेत झाड आलं तर कुंपण वळवा. खोडाला तार किंवा खिळे मारू नका, आणि तोडायचं म्हटलं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पावसाचं पाणी ज्या बाजूने उतरतं तिथे भिंतीत दर २ मीटरवर ४ इंची पाइप सोडा, नाहीतर जुलैमध्ये शेजाऱ्याच्या अंगणात पाणी साचतं आणि हद्दीचा नीट मिटलेला विषय पुन्हा उघडतो.